घराभोवतीचे पाच फूट

अमेरिकेतील 'रँच' ह्या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. शेत म्हणावे, तर पीक हा तेथील मुख्य भाग नव्हे. मळा म्हणावे, तर पाटाचे पाणी नाही. गुरेघोडे, त्यांची कुरणे, तबेले आणि ह्या सर्वांच्या मध्ये मालकाचे ऐसपैस घर, अशी ती वस्ती असते. आमच्या वसईकडील 'वाडी' हा शब्द त्याच्या काहीसा जवळ जातो. वाडीतही जमीन, जनावर आणि माणूस ह्यांची आयुष्ये एकमेकांत गुंतलेली असतात आणि घरावर तिघांचाही हक्क असतो. म्हणूनच २०१८ साली आमचे जावई लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरातील विल रॉजर्स ह्यांचे रँचवरचे घर दाखविण्यास आम्हां उभयतांना घेऊन गेले, तेव्हा परक्या देशात असूनही आम्हांला तेथे परके वाटले नाही. ते घर आता नाही. ७ जानेवारी २०२५ रोजी डोंगरातून आलेल्या वणव्यात ते जळून गेले.

विल रॉजर्स हे नाव आपल्या वाचकांपैकी थोड्यांच्याच कानांवरून गेले असेल. १८७९ साली, आज ज्याला ओक्लाहोमा राज्य म्हणतात त्या भागात, चेरोकी ह्या मूळ रहिवाशांच्या समाजात त्यांचा जन्म झाला. गुरांच्या गळ्यात दोराचा फास टाकण्यात ते इतके तरबेज होते, की त्या दोराच्या बळावर त्यांनी रंगभूमी गाठली. दोर फिरविता फिरविता ते जे काही विनोदाने बोलत, ते लोकांना दोरापेक्षाही अधिक आवडू लागले. पुढे वृत्तपत्रातील स्तंभ, नभोवाणी, चित्रपट असे सर्व काही त्यांच्या वाट्याला आले. आपल्याकडे पु. ल. देशपांडे ह्यांच्यावर घरोघरी जसे प्रेम केले गेले, तसे काहीसे भाग्य त्यांना लाभले, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. १९२०च्या दशकात त्यांनी सांता मोनिका डोंगराच्या कुशीत जागा घेतली आणि १९२८पासून पत्नी बेटी व तीन मुलांसह ते तेथेच राहू लागले. १५ ऑगस्ट १९३५ रोजी अलास्कात विमान कोसळून त्यांचा अंत झाला. १९४४ साली बेटीबाई निवर्तल्या आणि ती सगळी जागा कॅलिफोर्निया राज्याच्या उद्यान खात्याकडे आली.

घर लाकडाचे होते. एकतीस खोल्या, अकरा स्नानगृहे, भिंतींत बांधलेल्या सात शेकोट्या, असा त्याचा पसारा. पण श्रीमंतीचा दिमाख कोठे नव्हता. दिवाणखान्याचे छत त्यांनी मुद्दाम उंच करवून घेतले होते. का, तर घरातल्या घरातही दोर फेकता यावा! येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांच्या गळ्यात फास पडू लागले, तेव्हा एका मित्राने त्यांना पेंढा भरलेले वासरू भेट दिले आणि पाहुण्यांची सुटका झाली. त्याच दालनात छताला टांगलेला झोपाळा होता. तो पाहून आमच्या सौभाग्यवतींना माहेरची पडवी आठवली. त्यावर बसण्यास मनाई आहे, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटले नाही. बाहेर पोलो खेळण्याचे विस्तीर्ण हिरवे मैदान, त्याच्या कडेला नीलगिरीची उंच झाडे, मागे तबेला आणि त्याही मागे झुडपांनी झाकलेला डोंगर. वॉल्ट डिस्नीसारखी माणसे एके काळी ह्याच मैदानावर घोडे दौडवीत. डोंगरावरच्या पायवाटेने थोडे चढून गेले, की पॅसिफिक महासागर दिसत असे. तो दिवस निवांत गेला. त्या झुडपांकडे आम्ही फक्त शोभा म्हणून पाहिले. आमचे जावई मात्र म्हणाले, "पपा, हे हिरवे दिसते ना, ते अर्धे तेल आहे."

ते खरेच होते. तेथील डोंगरांवरच्या झुडपांच्या पानांत तेल व राळ असते. सुकली की ती रॉकेलाच्या बोळ्यासारखी पेट घेतात. तिकडचा पाऊस हिवाळ्यात पडतो. २०२३ आणि २०२४ ह्या वर्षांच्या आरंभी तो भरपूर पडला आणि झुडपे माजली. नंतर मे २०२४पासून जानेवारीपर्यंत त्याने जवळजवळ तोंडच दाखविले नाही. त्यावर सुटला तो पूर्वेकडच्या वाळवंटी पठारावरून समुद्राकडे धावणारा कोरडा वारा. ह्या वाऱ्याला तिकडे 'सांता आना' म्हणतात. त्याच नावाच्या खोऱ्यावरून ते पडले. पण प्रभूच्या आजीचे नाव असल्या वाऱ्याच्या वाट्याला यावे, ह्याचे आम्हांला प्रत्येक वेळी वाईट वाटते. ७ तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमारास डोंगरात आग दिसली आणि दिवस मावळण्यापूर्वी ती वस्तीत शिरली होती. वाऱ्याचे झोत असे होते, की रात्री पाणी टाकणारी विमाने उडविता येईनात. टेकडीवरच्या दहा-दहा लाख गॅलनांच्या तीन टाक्या पहाटेपर्यंत रिकाम्या झाल्या. जवळचा मोठा जलाशय तर दुरुस्तीसाठी आधीपासूनच कोरडा ठेवलेला होता. आग पूर्णपणे आटोक्यात येण्यास ३१ जानेवारी उजाडली. तोवर तेवीस हजार एकरांहून अधिक क्षेत्र आणि सहा हजार आठशेंहून अधिक इमारती गेल्या होत्या, बारा माणसे दगावली होती. नववर्षाच्या पहाटे त्याच डोंगरात लावली गेलेली एक लहान आग विझली असे वाटत असतानाच मुळांमध्ये धुमसत राहिली आणि वाऱ्यासरशी तीच पुन्हा भडकली, असा आरोप सरकारी वकिलांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये एका इसमावर ठेवला.

ह्यानंतर कोणाचे चुकले, ह्यावर पुष्कळ तावातावाने बोलले गेले. टाक्या रिकाम्या का झाल्या, जलाशय कोरडा का, हे प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. तथापि कोणत्याही शहराचे नळ एका रात्रीत हजारो घरे पेटतील असे गृहीत धरून घातलेले नसतात, हेही तितकेच खरे. आम्हांला अधिक विचार करावयास लावले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. आग जवळ येत आहे असे कळताच उद्यान खात्याच्या कर्मचाऱ्यांनी रॉजर्स ह्यांच्या तबेल्यातील घोडे बाहेर काढले आणि घरातील काही चित्रे व ऐतिहासिक वस्तू सुरक्षित ठिकाणी हलविल्या. घर राहिले. घराला पाय नसतात. एकतीस खोल्यांपैकी काय उचलावे आणि काय भिंतीवर तसेच राहू द्यावे, हा निर्णय त्यांनी धुराच्या वासात, घड्याळाकडे पाहत घेतला असेल. आपल्यापैकी ज्यांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या निधनानंतर त्यांच्या कपाटाची आवराआवर केली आहे, त्यांना ह्या कामाची थोडी कल्पना येईल. परंतु आपल्याजवळ त्यासाठी निदान सात दिवस असतात.

आता हे घर वाचविता आले असते काय? ह्या प्रश्नाने आम्ही बरेच दिवस अस्वस्थ होतो. वणवा म्हणजे ज्वाळांची भिंत आणि ती घरावर चालून येते, असे चित्र आपण मनाशी धरतो. जॅक कोहेन नावाच्या अमेरिकी वनखात्यातील संशोधकाने ह्या चित्रालाच धक्का दिला. १९९८च्या सुमारास कॅनडाच्या उत्तरेकडील जंगलात मुद्दाम आगी लावून, झाडांपासून वेगवेगळ्या अंतरांवर लाकडी भिंती उभ्या करून पाहण्यात आले. दहा मीटरांवरच्या काही भिंती पेटल्या. वीस मीटरांवरच्या फार तर काळवंडल्या. तीस मीटरांवरच्यांना काहीच झाले नाही. मग भर वस्तीतील घरे का जळतात? ती जळतात उडत येणाऱ्या ठिणग्यांनी. मैल-मैल लांबून आलेली एखादी ठिणगी छपराच्या पन्हळीत साचलेल्या पाल्यात पडते, जिन्याखालच्या लाकडाच्या ढिगात पडते, माळ्यावर हवा जावी म्हणून ठेवलेल्या जाळीतून आत शिरते, आणि अर्ध्या तासाने घर आतून पेटते. वणवा तोवर पुढे निघूनही गेलेला असतो. पुष्कळदा राख झालेल्या घराशेजारी हिरवे झाड तसेच उभे दिसते ते त्यामुळेच.

ह्याच आगीच्या तोंडात, रॉजर्स ह्यांच्या घरापासून थोड्याच मैलांवर, गेटी व्हिला हे वस्तुसंग्रहालय सापडले होते. ते वाचले. १९७४ साली उघडलेली ही वास्तू इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका रोमन प्रासादाच्या धर्तीवर उभारलेली आहे. जळून गेलेल्या घराची नक्कल आगीतून सुखरूप बाहेर पडली, असा हा विलक्षण योगायोग. आवारातील झाडे पेटली. परंतु आधीपासून सुकी झुडपे काढलेली, जमीन ओली ठेवलेली, जागेवरच पाण्याचा साठा, भिंती दुहेरी, छपर कौलारू, आणि दालनांत धूर शिरू नये म्हणून हवा आत-बाहेर करणारी यंत्रे बंद केलेली. काही कर्मचारी रात्रभर तेथे थांबलेही होते. जून २०२५ मध्ये ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले.

येथे घाईने निकाल देण्याचा मोह होतो, की ह्यांनी काळजी घेतली आणि त्यांनी घेतली नाही. आम्हांला तसे म्हणवत नाही. गेटी व्हिला मुळातच मौल्यवान वस्तू सांभाळण्यासाठी बांधलेली तिजोरी आहे. रॉजर्स ह्यांचे घर मात्र स्वतःच ती मौल्यवान वस्तू होते. लाकडी भिंती, लाकडी तुळया, डोंगराला जवळ जवळ टेकलेले अंगण, ह्याच गोष्टींमुळे ते पाहण्यास लोक येत. त्याला सिमेंट लिंपले असते, भोवतीची झाडे तोडून खडी टाकली असती, तर ते कदाचित वाचले असते. पण मग वाचले काय असते? आणि उलट बाजूने, काहीच बदलावयाचे नाही असे म्हणावे, तर आज पाहावयास उरली आहेत ती दगडी शेकोट्यांची धुरांडी. जुनी वास्तू सांभाळणाऱ्यांना ह्या दोहोंच्या मधली चिंचोळी वाट काढावी लागते.

ती वाट नाहीच असे नव्हे. यलोस्टोन उद्यानातील 'ओल्ड फेथफुल इन' ही ओंडक्यांनी बांधलेली पांथशाळा १९०४ सालची. ७ सप्टेंबर १९८८ रोजी भयंकर वणवा तिच्या दारापर्यंत आला. तिच्या छपरावर पाणी सोडण्याची यंत्रणा अलीकडेच बसविलेली होती. ती चालू झाली, जवानांनी नेटाने पाणी मारले आणि ऐन वेळी वाराही थोडा वळला. पांथशाळा आजही उभी आहे. छपरावरील त्या नळ्यांनी तिचे रूप काही बिघडले नाही. वारा वळणे आपल्या हाती नव्हते. नळ्या मात्र आगीच्या आधीच, कोणाच्या तरी सांगण्यावरून बसल्या होत्या, आणि ज्या वर्षी त्या बसल्या त्या वर्षी त्यांच्यावरील खर्चाला नाके मुरडणारेही कोणी ना कोणी असणारच.

आपल्या धर्मग्रामांतील वाचकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पॅसिफिक पॅलिसेड्स ह्या त्याच उपनगरातील 'कॉर्पस क्रिस्ती', म्हणजे ख्रिस्तशरीराच्या नावाचे चर्च त्या आगीत जळाले. नंतर त्या धर्मग्रामातीलच एक अग्निशमन अधिकारी राखेतून वाट काढीत आत गेले, तेव्हा पवित्र साक्रामेंत ठेवण्याची पेटी त्यांना शाबूत सापडली. ह्याला कोणी चमत्कार म्हणाले. ती पेटी धातूची व भक्कम होती, असे कोणी म्हणेल. आम्ही ह्या वादात पडत नाही. आमच्या मनात राहतो तो तो माणूस. दिवसचे दिवस लोकांची घरे विझविण्यात गेल्यावर तो आपल्या चर्चच्या राखेत शिरला आणि ती जड पेटी त्याने बाहेर आणली.

वणव्याशी आमचा तसा संबंध नाही. आमचा संबंध पावसाशी. आमचे वसईचे जुने घर सागाच्या तुळयांचे आणि मंगलोरी कौलांचे होते. एप्रिल संपत आला की वडील शिडी लावून छपरावर चढत. फुटकी कौले काढायची, चिमण्यांची घरटी सोडवायची, पन्हळीतला पाला उपसायचा, ही शाकारणी पहिल्या सरीपूर्वी संपलीच पाहिजे, असा त्यांचा दंडक. पावसाळ्यात घर गळू लागले, की मग पातेली मांडण्यापलीकडे माणसाच्या हाती काही नसते. पेंढ्याची उडवी घरापासून इतकी दूर रचत, की वैरण आणताना आम्हां मुलांचे पाय दुखत. आम्ही कुरकुरलो, की ते काही बोलत नसत. नुसते चुलीकडे बोट दाखवीत. शेतात राब भाजण्यापूर्वी भोवतीचा पाला झाडून जमिनीचा उघडा पट्टा राखीत आणि ओला टहाळा घेऊन राख निवेपर्यंत तेथेच बसून राहत. आपल्या वनखात्याचे लोक डोंगरात अशाच पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. कॅलिफोर्नियातील कायद्यात घराभोवती शंभर फुटांपर्यंत गवत-झुडपे आवरण्याचे जे बंधन आहे, ते वाचताना आम्हांला त्या उडवीपर्यंतचे अंतर आठवले. ते आमचे घर आगीने गेले नाही, वाटणीने गेले. त्या जागी आता चार मजली इमारत आहे. तिला शाकारणी लागत नाही.

ही सगळी माहिती आम्ही हौसेने गोळा केली, असे कोणी समजू नये. ७ जानेवारीच्या त्याच संध्याकाळी, लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या टोकाला, अल्टाडीनाच्या डोंगरात आणखी एक आग लागली. तिने नऊ हजारांहून अधिक इमारती गिळल्या. त्या डोंगराच्या पायथ्याच्या सिएरा माद्रे ह्या छोट्या गावी आमची थोरली राहते. आमच्याकडे ८ तारखेची सकाळ होती. मिस्साहून येऊन चहाचा पहिला घोट घेतो तोच तिचा फोन आला, की घर सोडण्याचा हुकूम निघाला आहे आणि गाडीत सामान भरणे चालू आहे. काय घेतलेस, असे तिच्या आईने विचारले. पासपोर्ट, प्रमाणपत्रांची फाईल, धाकट्याचे दम्याचे औषध, आणि लग्नात आम्ही दिलेला क्रूस. नातीने शाळेचे दप्तर घेतले होते. दुसऱ्या दिवशी तिची चाचणी होती आणि शाळा जळू शकते, हे तिला कोणी अजून सांगितले नव्हते. त्यानंतरचे चार दिवस आमच्या घरी रोझरी किती वेळा झाली, ते आम्ही मोजले नाही. त्यांचे घर वाचले. पलीकडच्या गावातील त्यांच्या ओळखीच्या तीन कुटुंबांची घरे गेली, म्हणून त्या आनंदाला तोंड फोडण्याची त्यांना चोरी झाली.

घरी परतल्यावर जावयांनी पहिले काम केले ते टेप घेऊन भिंतीपासून पाच फूट मोजण्याचे. २०२० साली त्या राज्याने मंजूर केलेल्या एका कायद्यानुसार धोक्याच्या भागात घराला लागून असलेला पाच फुटांचा पट्टा पेट घेण्याजोग्या वस्तूंपासून मोकळा ठेवावयाचा आहे. त्याचे तपशील ठरविताना घरमालकांत मोठा वाद माजला. कारण ह्या पाच फुटांतच माणसे आपली फुलझाडे लावतात. थोरलीने लाकडी बाक हलविला, काथ्याचे पायपुसणे काढले, माळ्याच्या जाळ्या बारीक भोकांच्या बसविल्या, पन्हळी उपसल्या. अडले ते खिडकीखालच्या जाईपाशी. आम्ही २०१८ मध्ये गेलो होतो तेव्हा तिच्या आईनेच ती तेथील रोपवाटिकेतून आणून लावली होती आणि आता ती खिडकीची चौकट व्यापून वर चढली होती. जावई म्हणत, "काढायलाच हवी." थोरली म्हणे, "हिरवी आहे, पाणी घालते मी." आठ दिवस त्या घरात जाईवरून बोलाचाली बंद होती. अखेर प्रकरण फोनवरून आमच्या सौभाग्यवतींकडे आले. त्या थोड्या वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "छाट. पण उपटून फेकू नकोस. मागच्या कुंपणाशी मांडव घाल आणि तेथे लाव."

मार्चमध्ये ती हलविली. अर्धी सुकली, अर्धीने जीव धरला. खिडकीखाली आता खडी पसरलेली आहे, आणि ती वाईट दिसते असे थोरली अजूनही म्हणते.